चिनी विमानवाहू नौका: फोटो आणि उपग्रहचित्रांवरून रचना व बांधणी कशी वाचावी

चीन आपल्या विमानवाहू नौकांचे आराखडे, वजनाचे तक्ते किंवा चाचण्यांचे अहवाल प्रसिद्ध करत नाही. पण ३०० मीटरहून लांब नौका उघड्या गोदीत काही वर्षे बांधली जाते, मग धक्क्याला उभी राहते, मग समुद्रात जाते, आणि या सगळ्या काळात ती वरून दिसत राहते. मोफत उपग्रहचित्रे, किनाऱ्यावरून आणि प्रवासी विमानांच्या खिडकीतून काढलेले फोटो, चिनी दूरचित्रवाणीची दृश्ये आणि जपानी संरक्षण खात्याची पत्रके एवढ्या साहित्यावर नौकेची रचना आणि बांधणीचा टप्पा बऱ्यापैकी अचूक सांगता येतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक शिस्त पाळा: डोळ्यांना दिसले ते एका रकान्यात लिहा आणि त्यावरून काढलेला अंदाज दुसऱ्या रकान्यात. हे दोन एकत्र झाले की सहा महिन्यांनी आपलीच नोंद आपल्याला तपासता येत नाही.

नावे आणि तारखा आधी पक्क्या करा

ल्याओनिंग, क्रमांक १६, टाइप ००१. मूळची सोव्हिएत 'वर्याग'. ६ डिसेंबर १९८५ रोजी युक्रेनमधल्या निकोलायेव येथे बांधणीला सुरुवात, ४ डिसेंबर १९८८ रोजी जलावतरण. सोव्हिएत संघ मोडल्यावर काम थांबले. १९९८ मध्ये मकावमधल्या एका कंपनीने तरंगता कॅसिनो करण्याच्या नावाखाली २ कोटी डॉलरला ती विकत घेतली. तुर्कस्तानने सामुद्रधुनीतून सोडायला बराच काळ नकार दिला, आणि आफ्रिकेला वळसा घालून ३ मार्च २००२ रोजी ती ओढत दालियानला पोहोचली. जून २००५ मध्ये सुक्या गोदीत गेली, १० ऑगस्ट २०११ रोजी पहिल्या सागरी चाचणीला निघाली आणि २५ सप्टेंबर २०१२ रोजी नौदलात दाखल झाली.

शानदोंग, क्रमांक १७, टाइप ००२. दालियानमध्येच बांधलेली पहिली देशी नौका. जलावतरण २६ एप्रिल २०१७, पहिली सागरी चाचणी १३ मे २०१८, दाखल १७ डिसेंबर २०१९, सान्या येथे.

फुजियान, क्रमांक १८, टाइप ००३. शांघायजवळ यांगत्सेच्या मुखातल्या चांगशिंग बेटावर जियांगनान गोदीत बांधलेली. जलावतरण १७ जून २०२२, पहिली सागरी चाचणी १ मे २०२४, दाखल ५ नोव्हेंबर २०२५. विद्युतचुंबकीय कॅटापल्ट (विमानाला डेकवरून जोरात ढकलून उडवणारी यंत्रणा) असलेली चीनची पहिली नौका.

इथे एक सापळा आहे. शानदोंग दाखल होण्यापूर्वी बहुतेक लेखांत तिला '००१ए' म्हणत आणि '००२' हे नाव शांघायमधल्या कॅटापल्टवाल्या नौकेसाठी वापरत. त्यामुळे २०१९ पूर्वीच्या लेखात '००२ वर कॅटापल्ट असतील' असे वाचले तर ते वाक्य आजच्या फुजियानबद्दल आहे. जुन्या मजकुरातले कोणतेही विधान वापरण्यापूर्वी त्याची तारीख पाहून नाव बदलून घ्या. या एका गोंधळामुळे शानदोंगच्या नावावर तिच्यात कधीही नसलेली यंत्रणा चढवलेली आढळते.

फोटोतली नौका कोणती

सुरुवात पुढच्या टोकापासून करा. टोक वर वळलेले असेल तर स्की-जंप, म्हणजे ल्याओनिंग किंवा शानदोंग (किंवा रशियाची 'कुझनेत्सोव्ह'). डेक शेवटपर्यंत सपाट असेल तर फुजियान.

स्की-जंपवाल्या दोघींत फरक आयलंडवर शोधा, म्हणजे उजव्या बाजूला उभ्या असलेल्या मनोऱ्यावर. ल्याओनिंगचा मनोरा सोव्हिएत आराखड्यातून आल्यामुळे लांब आहे. शानदोंगचा आखूड आणि त्याला एक मजला जास्त. समोरून पाहिल्यास खिडक्यांच्या दोन ओळी एकावर एक दिसतात. मनोरा आखूड केल्याने डेकवर विमाने उभी करायला जागा वाढली, आणि दालियानच्या अभियंत्यांनी वर्यागच्या आराखड्यात केलेल्या सुधारणांपैकी ही सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल. मनोऱ्याच्या बाजूवर रंगवलेला १६, १७ किंवा १८ हा आकडा वाचता आला तर प्रश्नच मिटतो. मात्र आकडा संगणकावर बदलणे सोपे आहे, म्हणून आकडा आणि मनोऱ्याचा आकार जुळतात का हे पाहा.

कुझनेत्सोव्हचा फोटो ल्याओनिंग म्हणून सर्रास फिरतो. रशियन नौकेवर ०६३ हा क्रमांक असतो, आणि स्की-जंपच्या मागे डेकमध्ये १२ क्षेपणास्त्र-कोठ्यांच्या झाकणांच्या रेषा दिसतात. ती नौका जहाजविरोधी ग्रॅनिट क्षेपणास्त्रे वाहणारी क्रूझर म्हणूनही आखली होती. चीनने ल्याओनिंग पूर्ण करताना ही क्षेपणास्त्रे बसवली नाहीत. रेषा दिसल्या तर फोटो चिनी नौकेचा नाही.

चिनी हौशी कलाकार संगणकावर अतिशय सफाईदार चित्रे बनवतात, विशेषतः अजून न बांधलेल्या नौकांची. विमानांच्या सावल्या आणि मनोऱ्याची सावली एकाच दिशेला आहेत का, पाणरेषेवर गंज आणि शेवाळाचा पट्टा आहे का, अरेस्टर वायरच्या (उतरणाऱ्या विमानाला अडवून थांबवणाऱ्या तारांच्या) भागात टायरचे काळे ओरखडे आहेत का, हे तपासा. वापरातल्या डेकवर ओरखडे नसणे जवळजवळ अशक्य असते.

उपग्रहचित्र: कोणते घ्यावे, त्यातून काय मिळते

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचे चित्र मोफत आहे, एक पिक्सेल १० मीटरचा, आणि एकाच जागेवर साधारण दर ५ दिवसांनी नवे चित्र येते. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर जागा निवडा, ढगांची मर्यादा ३० टक्क्यांवर ठेवा आणि तारखांची यादी उघडा. नैसर्गिक रंगाबरोबर आठव्या पट्ट्यातले, म्हणजे जवळच्या अवरक्त प्रकाशातले चित्रही पाहा. त्यात पाणी जवळजवळ काळे आणि नौका उजळ दिसत असल्याने कडा नीट कळते.

या चित्राची मर्यादा आधीच समजून घ्या. ल्याओनिंगची लांबी ३०४.५ मीटर, म्हणजे ३० पिक्सेल. फुजियान सुमारे ३१६ मीटर, म्हणजे ३१ ते ३२ पिक्सेल. कडेचा प्रत्येक पिक्सेल अर्धा नौकेचा आणि अर्धा पाण्याचा असतो, त्यामुळे केवळ लांबीवरून या दोघी वेगळ्या करता येत नाहीत. नौका आहे की निघून गेली, गोदी भरली की रिकामी, शेजारी कोणती जहाजे आली, एवढेच या चित्राला विचारा. या प्रश्नांची उत्तरे ते उत्तम देते, कारण तारखांची अखंड साखळी मिळते.

चांगशिंगवर मोठी कंटेनर जहाजेही बनतात. धक्क्यावर ४० पिक्सेल लांब काही दिसले तर ते सुमारे ४०० मीटरचे मालवाहू जहाज आहे. विमानवाहू नौका एवढी लांब नसते. तिची ओळख लांबीपेक्षा रुंदीच्या असमानतेत आहे. डाव्या बाजूला विमाने उतरण्याच्या तिरक्या धावपट्टीचा फुगवटा असतो, आणि मालवाहू जहाज दोन्ही बाजूंनी सारखे असते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला यांगत्सेच्या मुखावर आठवडेच्या आठवडे ढग राहतात. तेव्हा सेंटिनेल-१ ची रडार चित्रे घ्या. ती ढगांतून आणि रात्रीही मिळतात. रडार चित्रात धातूच्या क्रेनमुळे उजळ रेघा उठतात आणि धक्क्याला चिकटून उभी नौका क्रेनमध्ये मिसळून जाते, म्हणून त्यावरून आकार मोजू नका. रिकामी, पाण्याने भरलेली गोदी मात्र त्यात स्पष्ट काळी दिसते.

बारकाव्यांसाठी गूगल अर्थच्या जुन्या चित्रांच्या साठ्यात शोधा. तिथे चित्राची तारीख वरच्या पट्टीवर असते. खाली दिसणारे प्रताधिकाराचे वर्ष म्हणजे चित्राचे वर्ष नव्हे. ही चूक इतकी पसरलेली आहे की इतर कोणाचे चित्र वापरताना तारीख स्वतः तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोजमाप

१. मोजपट्टीची दोन्ही टोके एकाच पातळीवर ठेवा: डेकच्या कडेपासून डेकच्या कडेपर्यंत. उपग्रह तिरका पाहत असेल तर उंच वस्तू चित्रात सरकते. समजा डेक पाण्यापासून २० मीटर उंच आहे आणि उपग्रह उभ्या रेषेपासून २५ अंश कललेला आहे. मग डेक सुमारे ९ मीटर सरकलेला दिसेल. दोन्ही टोके डेकवर असतील तर दोन्ही सारखीच सरकतात आणि लांबी बिघडत नाही. एक टोक डेकवर आणि दुसरे धक्क्याच्या दगडावर ठेवले की पूर्ण ९ मीटरची चूक आत येते. स्की-जंपचे टोक डेकहूनही उंच असल्याने तिथे थोडी जास्तीची चूक राहतेच.

२. डेकवर जे-१५ हे लढाऊ विमान उभे असेल तर त्याने पडताळणी करा. त्याची लांबी सुमारे २२ मीटर आणि पंख उघडे असताना विस्तार सुमारे १५ मीटर. पंख दुमडलेले असतील तर रुंदी साधारण निम्मी होते, म्हणून आडवे माप घेण्याआधी पंखांची स्थिती पाहा.

३. तेच अंतर तीन वेगळ्या तारखांच्या चित्रांवर मोजा. तिन्ही २ टक्क्यांच्या आत जुळले तरच आकडा लिहा.

उंचीसाठी सावली वापरा. उंची म्हणजे सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासून सूर्य किती अंश वर आहे त्या कोनाचा) टॅन्जंट. सूर्य ३५ अंशांवर आणि सावली ४० मीटर असेल तर ४० × ०.७ = २८ मीटर. सेंटिनेलच्या माहितीत सूर्याचा शिरोबिंदूपासूनचा कोन दिलेला असतो. तो ९० मधून वजा करा. हा उपग्रह स्थानिक सौर वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, त्यामुळे सावली वायव्येकडे पडते. मनोऱ्याची सावली अर्धी डेकवर आणि अर्धी पाण्यावर पडली की सगळा हिशेब चुकतो, कारण पाणी खाली असल्याने तिथली सावली लांबते. फक्त पूर्ण डेकवर पडलेली सावली घ्या, आणि उत्तर 'डेकपासून उंची' असे लिहा. १० मीटर पिक्सेलच्या चित्रावर हे करू नका. अर्ध्या मीटरच्या आसपासचे चित्र लागते.

स्की-जंपचा कोन बाजूने काढलेल्या फोटोवर मोजता येतो, पण फोटो अगदी काटकोनातून घेतलेला हवा. ल्याओनिंगचा कोन साधारण १४ अंश आणि शानदोंगचा १२ च्या आसपास सांगितला जातो. नौका ४५ अंश वळलेली असताना घेतलेल्या फोटोत आडवी लांबी आक्रसते, उंची तीच राहते, आणि १४ अंशांचा चढ १९ अंशांचा दिसतो. 'नव्या नौकेचा चढ जास्त उभा केला आहे' अशा दाव्यांमागे बहुतेक वेळा एवढेच असते.

विस्थापनाचा अंदाज

विस्थापन म्हणजे नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे, म्हणजेच नौकेचे वजन. हा टनांचा आकडा चित्रावरून थेट मिळत नाही. लागणारे सूत्र असे: पाणरेषेवरची लांबी × पाणरेषेवरची रुंदी × पाण्याखालची खोली × आकारगुणांक × १.०२५. शेवटचा आकडा समुद्राच्या पाण्याच्या घनतेचा. आकारगुणांक म्हणजे तेवढ्या लांब-रुंद-खोल चौकोनी ठोकळ्यापैकी किती भाग नौकेच्या धडाने खरोखर व्यापला आहे. मोठ्या वेगवान युद्धनौकांसाठी ०.५५ ते ०.६५ धरावा.

कुझनेत्सोव्ह वर्गासाठी करून पाहा. पाणरेषेवर लांबी सुमारे २७० मीटर, रुंदी सुमारे ३५, खोली सुमारे १०. गुणांक ०.६० धरला तर २७० × ३५ × १० × ०.६० × १.०२५, म्हणजे साधारण ५८,१०० टन. सर्वसाधारणपणे सांगितल्या जाणाऱ्या ६०,००० च्या जवळ. गुणांक ०.५५ घेतला तर ५३,३०० आणि ०.६५ घेतला तर ६३,०००. खोलीतल्या १ मीटरच्या चुकीने ५,८०० टनांचा फरक पडतो. आता चुकून डेकची मापे टाका, ३०४.५ आणि ७५ मीटर: उत्तर १,४०,००० टनांवर जाते. डेक दोन्ही बाजूंना धडाच्या बाहेर लोंबतो, हे विसरल्याचा तो परिणाम.

मग पाणरेषेवरची रुंदी मिळवायची कुठून? जलावतरणाआधी. नौका मोठ्या खंडांत बांधली जाते. गोदीशेजारच्या मैदानात खंड तयार होतात आणि मोठी क्रेन ते उचलून गोदीत ठेवते. तळाचे खंड जमिनीवर असताना त्यांची रुंदी मोजा. ती पाणरेषेवरच्या रुंदीच्या बरीच जवळ असते. वरचा डेक चढला की ही संधी जाते, म्हणून नव्या नौकेचे सुरुवातीचे महिने सर्वांत मोलाचे असतात. फुजियानसाठी अधिकृत आकडा '८०,००० टनांहून अधिक' असा आहे. आपला हिशेब त्याच्या खाली आला तर बहुधा खोली कमी धरली गेली आहे.

टप्पा कसा ओळखावा

खंड मैदानात. खंड गोदीत, मधल्या फटी मिटत जातात. डेक बंद, मनोरा चढलेला. मग गोदीतली आणि दाराजवळची इतर जहाजे हलवली जातात, डेकवरचे मचाण उतरते, आणि गोदीत पाणी सोडून नौका तरंगवली जाते. फुजियान आणि शानदोंग दोघी अशाच तरंगवून बाहेर काढल्या गेल्या. इथपर्यंतचा भाग वाचायला सोपा आहे. चुका त्यानंतरच्या टप्प्यात होतात, कारण धक्क्याला उभी नौका वरून जवळजवळ सारखीच दिसत राहते आणि लोक 'काम रखडले' असे लिहू लागतात.

अंतरे पाहा. शानदोंगला जलावतरणापासून पहिल्या सागरी चाचणीपर्यंत साडेबारा महिने लागले, फुजियानला साडेबावीस. चाचणीपासून दाखल होईपर्यंत मात्र १९ आणि १८ महिने, म्हणजे जवळपास सारखेच. नव्या यंत्रणेचा वेळ धक्क्यावर गेला, समुद्रात नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की पुढच्या नौकेत नवी ऊर्जायंत्रणा असेल तर धक्क्यावरचा काळ लांबला म्हणून अडचण आली असा निष्कर्ष काढू नये.

धक्क्यावर असताना फुजियानच्या डेककडे ज्यांनी नीट पाहिले त्यांना बरेच कळले. तिन्ही कॅटापल्टवर लांब छपऱ्या होत्या. त्या २०२३ मध्ये निघाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेकच्या टोकावरून चाकांच्या जड गाड्या पाण्यात फेकल्या जात असल्याचे चित्रण बाहेर आले. विमान जोडण्याआधी कॅटापल्ट ठरलेल्या वजनाला ठरलेला वेग देतो का, हे अशा निर्जीव वजनांवर तपासतात. आधी हलके, मग जड. पाण्यात उसळी दिसणे आणि नंतर गाडी क्रेनने वर काढली जाणे ही या चाचणीची खूण. ती दिसली म्हणजे वीजसाठवण, नियंत्रण आणि खाचेतली सरकती गाडी एकत्र चालू लागली आहे. विमानाच्या उड्डाणाला त्यानंतरही वेळ लागतो: जे-१५टी व जे-३५ ही लढाऊ विमाने आणि केजे-६०० हे टेहळणी विमान फुजियानवरून उडतानाची अधिकृत दृश्ये २२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली.

सागरी चाचणीचा अंदाज आधी घ्यायचा असेल तर चिनी सागरी सुरक्षा प्रशासनाच्या सूचना वाचा. पहिल्या चाचणीच्या वेळी यांगत्सेच्या मुखाजवळ वाहतूक नियंत्रणाची सूचना निघाली होती. धक्क्याभोवती ओढनौकांची गर्दी आणि मनोऱ्याच्या धुराड्यातून धूर या दोन खुणा तिच्याशी जुळल्या तर निघण्याची वेळ जवळ आहे. धूर एकटाच दिसला तर ती फक्त बॉयलरची चाचणी असू शकते.

डेकचा आराखडा वाचणे

नौका किती विमाने किती वेळात उडवू आणि उतरवू शकेल हे डेकवर लिहिलेले असते.

स्की-जंपवर विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर उडते. ल्याओनिंगवर उड्डाणाच्या तीन जागा आहेत: दोन साधारण १०५ मीटर धावेच्या आणि एक १९५ मीटरची. प्रत्येकीच्या मागे डेकमधून वर उठणारी झोत-अडवणी पाटी असते. वरून तिचा चौकोन दिसतो. विमान कोणत्या जागी उभे आहे ते नोंदवा. जड भार घेऊन जाणारे जे-१५ मागच्या लांब जागेवरून निघते, आणि ती धाव तिरक्या धावपट्टीच्या भागातून जाते, म्हणून त्या वेळी उतरण्याचे काम थांबते. या रचनेवरून केजे-६०० सारखे जड पंख्याचे टेहळणी विमान उडवता येत नाही, म्हणून या दोन नौकांना हवाई टेहळणीसाठी झेड-१८ सारख्या हेलिकॉप्टरवर भागवावे लागते. कॅटापल्टचा खटाटोप मुख्यतः यासाठी आहे.

फुजियानवर तीन कॅटापल्ट आहेत: दोन पुढे, एक तिरक्या धावपट्टीवर. अमेरिकी निमित्झ वर्गावर चार. विमाने खालून डेकवर आणणाऱ्या लिफ्ट फुजियानवर दोन, निमित्झवर चार, अमेरिकेच्याच नव्या फोर्ड वर्गावर तीन. आता तिरक्या धावपट्टीचा कोन मोजा: मोजपट्टीने नौकेच्या मध्यरेषेची दिशा अंशांत घ्या, मग धावपट्टीच्या मध्यरेषेची, आणि वजाबाकी करा. निमित्झवर हा कोन सुमारे ९ अंश आहे. फुजियानवर तो त्याहून स्पष्ट कमी, ६ अंशांच्या आसपास मोजला जातो. २०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर ६ अंशांनी तिचे टोक बाजूला २१ मीटर सरकते, ९ अंशांनी ३१ मीटर. हे १० मीटर पुढच्या डेकवर विमाने उभी करण्यासाठी आणि डाव्या पुढच्या कॅटापल्टवर विमान जोडण्यासाठी लागतात. ते नसले की उतरणे आणि उडवणे एकाच वेळी करणे अवघड होते. माझ्या मते फुजियानच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. विद्युतचुंबकीय कॅटापल्टच्या कौतुकात तो मागे पडतो.

डेकवरच्या विमानांवरून नौकेबद्दल निष्कर्ष काढताना पुढचे चाक पाहा. जे-१५टी च्या पुढच्या चाकाला कॅटापल्टशी जोडणारा दांडा असतो. जुन्या जे-१५ ला नसतो. पण जे-१५टी स्की-जंपवरूनही उडते. म्हणजे दांडा दिसणे हा त्या नौकेवर कॅटापल्ट असल्याचा पुरावा ठरत नाही.

गोदीबाहेरचे पुरावे

नौकेआधी तिची यंत्रणा जमिनीवर दिसते. वुहानमध्ये हुआंगजिया तलावाजवळ एका इमारतीच्या छपरावर विमानवाहू नौकेचा काँक्रीटचा डेक आणि मनोरा उभा आहे. रडार आणि अँटेना एकमेकांत अडथळा आणतात का हे तिथे तपासले जाते. त्या मनोऱ्यावरचे बदल नौकेच्या आधी होतात. केजे-६०० सारख्या विमानाचा नमुना तिथे २०१७ च्या सुमारास दिसला. त्या विमानाचे पहिले उड्डाण २०२० मध्ये झाले. ल्याओनिंग प्रांतातल्या हुआंगदीत्सुन विमानतळावर स्की-जंपबरोबर कॅटापल्टच्या चाचणी-पट्ट्या २०१६ पासून दिसतात. सहा महिन्यांतून एकदा या दोन जागांची चित्रे शेजारी ठेवून पाहिली तरी पुढे काय येणार याचा सुगावा लागतो.

कागदपत्रेही चित्राइतकीच बोलतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी संस्थेच्या संशोधकांनी सिच्वानमधल्या लेशानजवळ मोठ्या युद्धनौकेसाठीच्या अणुभट्टीचा जमिनीवरचा नमुना असल्याचे मांडले. उपग्रहचित्रांना त्यांनी निविदा आणि पर्यावरणविषयक अहवाल यांसारख्या सार्वजनिक कागदांची जोड दिली होती. केवळ इमारतीच्या आकारावरून एवढे सांगता आले नसते.

नौका दाखल झाल्यावरचे सर्वांत भरवशाचे साहित्य जपानच्या संयुक्त स्टाफ कार्यालयाचे आहे: तारीख, नकाशावरची जागा, सोबतच्या नौका, फोटो, आणि उड्डाण-उतरणीची मोजणी. मे २०२२ मध्ये ल्याओनिंगवर अशा ३०० हून अधिक उड्डाण-उतरणी त्यांनी नोंदवल्या. या आकड्यात विमाने आणि हेलिकॉप्टर वेगळी दिली आहेत का ते आधी पाहा. एकत्र आकडा लढाऊ विमानांचा समजला की नौकेची क्षमता फुगते.

दालियानमधली पुढची नौका

२०२५ च्या सुरुवातीच्या चित्रांत दालियानच्या गोदीत कॅटापल्टच्या खाचेसारखा भाग असलेले खंड दिसले. अणुऊर्जा की पारंपरिक इंधन, हा प्रश्न इथे सगळ्यात जास्त विचारला जातो. धुराडे नसणे ही खूण विश्वासार्ह आहे, पण ती मनोरा चढल्यावरच मिळते. प्रॉपेलर आणि त्यांचे दांडे काहीच सांगत नाहीत, कारण अणुभट्टीही वाफेच्या टर्बाइनच फिरवते. त्याआधीची खूण धडाच्या मध्यभागी तळाशी असते: भट्टीभोवतीचे जड, जाड भिंतींचे कप्पे वरचे मजले बंद होण्यापूर्वी आत उतरवावे लागतात. म्हणून मध्यभागाचे जे खंड इतरांपेक्षा जास्त काळ वरून उघडे ठेवले आहेत त्यांची लांबी, रुंदी आणि उघडे राहिल्याच्या तारखा लिहून ठेवा. अर्ध्या मीटरचे चित्र मिळाले तर त्या उघड्या जागेतली गोल किंवा चौकोनी आखणी वेगळी रेखाटा आणि अंदाजाच्या रकान्यात 'शक्य' एवढेच लिहा. मनोरा चढून धुराड्याची जागा दिसेपर्यंत तो शब्द बदलू नका.